पितृपक्ष ते कोजागिरी: ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये शरद ऋतू सांभाळायचा कसा

ठाण्यात शरद आधी नाकाला कळतो. गणपती जाऊन दोन-तीन आठवडे झाले की एखाद्या संध्याकाळी रिक्षातून घरी येताना उग्र, गोडसर आणि डोकं जड करणारा वास येतो. शेजारी बसलेली बाई पदर नाकाला लावते आणि रिक्षावाला म्हणतो, "झाडाचा आहे, गटाराचा नाही." ती सातवीण. एका गाठीभोवती सातेक पानांचं चक्र आणि त्यावर हिरवट पांढऱ्या फुलांचे झुपके. इंग्रजीत तिला 'डेव्हिल ट्री' म्हणतात. जुन्या संस्कृत कवींना हाच वास मदात आलेल्या हत्तीसारखा वाटायचा आणि त्यांनी ही फुलं शरदाची खूण ठरवून टाकली होती. तळकोकणात नरकचतुर्दशीला पहाटे कारीट फोडून झालं की सातविणीच्या सालीचा कडूजहर रस घोटभर पितात. (इमारतीखालच्या झाडाची साल खरवडून तो प्रयोग घरी करू नका. प्रमाण जाणणारी माणसं गावी असतात, आपल्या सोसायटीत नाहीत.)

आधी एक गैरसमज दूर करते. हल्ली मोबाइलवर शरद म्हणजे लालपिवळी पानं, लोकरीचा स्कार्फ आणि वाफाळती कॉफी. आपली पानगळ शिशिरातली. आश्विन-कार्तिकात ठाण्यात झाडं हिरवीगार असतात आणि माणसं घामाघूम. मुंबई परिसरातून मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघारी फिरतो, आभाळ निवळतं आणि चार महिने ढगाआड असलेलं ऊन थेट अंगावर येतं. त्यालाच आपण ऑक्टोबर हीट म्हणतो. म्हणून ऊब देणाऱ्या गोष्टी इथे नकोत. इथे हवा गारवा, थोडी सावली आणि लवकर पडणाऱ्या अंधाराची सोय.

मनाचं म्हणाल तर या दिवसांत हुरहूर लागते हे खरं आहे. गणपतीतली माणसं आपापल्या घरी गेलेली असतात, दिवाळी लांब असते, ऑफिसात सहामाही संपत आलेली असते. पण आजीच्या पंचांगात एक शहाणपण आहे, ते मला चाळिशी उलटल्यावर दिसलं. महिन्याभरात दुःखाला वेगळे दिवस दिलेत, कुरकुरीला वेगळे, अबोला सोडायला एक दिवस आणि नुसतं जागं बसायला एक रात्र. आपण हे सगळं एकाच रविवारी उरकायला बघतो, किंवा कधीच करत नाही.

तेव्हा हा त्या क्रमाने केलेला कार्यक्रम. तारखा दर वर्षी बदलतात. २०२५ मध्ये घट २२ सप्टेंबरला बसले, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ते ११ ऑक्टोबरला गेले. कॅलेंडर बघून खुणा करून ठेवा.

आधी शरीर, मग बाकीचं

आयुर्वेदात शरद हा पित्त उसळण्याचा ऋतू. पावसाळ्यात साठलेलं पित्त उन्हाने खवळतं, असा त्यांचा हिशोब आहे. 'वैद्यांची आई म्हणजे शरद' अशी एक जुनी संस्कृत थट्टाही आहे, कारण या दिवसांत त्यांचा धंदा जोरात. हिशोब मानायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण त्यातला सल्ला ठाण्याच्या हवेला चपखल बसतो: दही कमी, तळकट कमी, दुपारची झोप नको, भर उन्हात फिरणं नको. मूग, पडवळ, कारलं, दुधी, भाकरीवर तूप हे चालतं.

एक सोपी गोष्ट आजपासून करा. रात्री एका पेल्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर धने आणि अर्धा चमचा जिरं किंचित कुटून भिजत घाला. सकाळी गाळून, हवी तर चिमूटभर खडीसाखर घालून प्या. चवीला बरं लागतं, घसा गार होतो आणि सकाळच्या पहिल्या चहाआधी पोटात काहीतरी साधं जातं. माझ्या सासूबाई याला 'पित्ताचं पाणी' म्हणतात. मी त्याला चहा अर्ध्या तासाने पुढे ढकलायची युक्ती म्हणते.

बाजारात या दिवसांत सीताफळं असतात आणि पुढे शिंगाडे येतात. शिंगाडे उकडलेले घ्या, कच्चे घेतलेत तर सोलण्याआधी खळखळून धुवा, ते तळ्यातलं पीक आहे. लाल भोपळा स्वस्त झाला की गूळ घालून घारगे करा. पुढे भोंडल्याला तेच कामी येतील.

आणि डास. सप्टेंबर-ऑक्टोबर हा डेंगी-मलेरियाचा हंगाम असतो. डेंगीच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक वार ठरवा. कुंड्यांखालच्या थाळ्या, फ्रिजमागचा ट्रे, एसीच्या पाण्याची बादली आणि गणपतीत आणून बाल्कनीत विसरलेलं ते थर्माकोलचं मखर, सगळं त्या दिवशी पालथं करायचं. ताप आला तर पॅरासिटामॉलपलीकडे मनाने काही घेऊ नका. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या डेंगीत रक्तस्राव वाढवू शकतात. मरगळ ही दर वेळी मनाची नसते, कधी कधी प्लेटलेट्स उतरलेल्या असतात.

पितृपक्ष: आठवणीचं पान

भाद्रपदाचा वद्य पंधरवडा. आमच्या इमारतीत या दिवसांत कोणी गाडी घेत नाही, फ्लॅट बघायला गिऱ्हाईक येत नाही आणि सगळे म्हणतात, "अशुभ दिवस आहेत." मला हा शब्द पटत नाही. गेलेल्या माणसासाठी वर्षातले पंधरा दिवस राखून ठेवलेत आणि त्या काळात नवी खरेदी नको, एवढाच त्याचा अर्थ मी लावते. दुःखाला जागा करायची तर बाकीचा बाजार जरा थांबवावा लागतो.

श्राद्ध करणाऱ्यांनी ते आपल्या घरच्या रीतीने करावंच. ज्यांच्याकडे करत नाहीत, किंवा ज्यांना विधी नको आहे पण माणसाची आठवण हवी आहे, त्यांच्यासाठी मी काय करते ते सांगते.

तिथी माहीत असेल तर ती, नसेल तर सर्वपित्री अमावास्या धरा. त्या दिवशी जेवणात त्या माणसाच्या आवडीचा एकच पदार्थ करा. एकच. खीर, वडे, अळू, गवार, भेंडी, आमसुलाची चटणी असं अख्खं ताट मांडायला गेलात तर दुपारपर्यंत कंबर मोडते आणि आठवण राहते बाजूला. माझ्या बाबांना कुरकुरीत भेंडी आवडायची. मी भेंडी करते, एका पानावर थोडी काढून ठेवते आणि मग जेवताना घरातल्या प्रत्येकाने त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायची. नियम असा की गोष्ट खरी हवी. ते किती थोर होते वगैरे नको. ते रिक्षावाल्याशी सुट्ट्या पाच रुपयांवरून कसे भांडले, हे चालेल. पहिल्या वर्षी माझा मुलगा म्हणाला, "आजोबा मला कधी कधी आवडायचे नाहीत, ते टीव्ही बंद करायचे." टेबलावर सगळे गप्प झाले. मग माझी आई हसायला लागली, आणि हसता हसता रडली. तिच्या डोळ्यांतलं पाणी वर्षभरात पहिल्यांदा आमच्यासमोर आलं.

कावळ्याचं म्हणाल तर अठराव्या मजल्यावर कावळा येईलच याची खात्री नाही. घारी येतात, कबुतरं तर पाठ सोडत नाहीत. पान खाली बागेच्या कडेला ठेवा, वॉचमनला सांगून. कावळा शिवला नाही म्हणून "त्यांची काहीतरी इच्छा राहिली" असं घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर बोलू नका. ते वाक्य कानात वर्षभर वाजत राहतं.

ज्यांचं माणूस गेल्याला वर्षही झालेलं नाही, त्यांच्यासाठी हे दिवस जड असतात. त्यांच्याकडे फोन न करता जाऊ नका, पण जा. डबा न्या. "काही लागलं तर सांग" असं मोघम विचारू नका. "मंगळवारी रात्रीचं जेवण मी आणते" असं नेमकं सांगा.

घट: नऊ दिवस एक काम

नवरात्रात ठाण्यात टेंभी नाक्यावर आनंद दिघ्यांनी सुरू केलेल्या दुर्गेश्वरीच्या दर्शनाला रांगा लागतात, सोसायट्यांत दांडिया रंगतो, ऑफिसात नऊ रंगांच्या साड्या निघतात. रंग ही अलीकडची, वर्तमानपत्राने रुजवलेली हौस आहे. धर्मशास्त्र शोधायला जाऊ नका, पण मोरपंखी नेसायचं निमित्त मिळत असेल तर सोडूही नका.

या सगळ्यात घरातला घट मागे पडतो. मला मात्र मन थाऱ्यावर आणायला त्याच्याइतकी सोयीची गोष्ट दुसरी सापडलेली नाही. देव्हारा असो-नसो, माती आणि धान्य तर कोणालाही पेरता येतं. कृती अशी.

जांभळी नाक्याच्या बाजारात घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सगळं एकत्र मिळतं: पत्रावळ, काळी माती, मातीचा लहान घट, सप्तधान्याची पुडी. सकाळी आठच्या आत जा, नंतर फुलांच्या गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. घट पक्का भाजलेला पण रंग न लावलेला घ्या. रंग लावला की मातीची छिद्रं बुजतात, आणि या सगळ्याची गंमत त्या छिद्रांतच आहे.

धान्य आदल्या रात्री भिजत घाला, आठेक तास. गहू आणि ज्वारी हमखास उगवतात. मूग, मटकीसारखी कडधान्यं भिजवलीत तर लवकर कुजतात, ती कमी घ्या. पुडीतलं धान्य कधी कधी जुनं, किडकं निघतं, म्हणून घरच्या डब्यातले मूठभर गहू जोडीला ठेवा.

पत्रावळीवर किंवा परातीत दोन बोटं जाडीचा मातीचा थर द्या. मध्ये घट ठेवा. भोवती धान्य पसरा, वरून मातीचा पातळ हात फिरवा आणि घट पाण्याने भरा. आता बघा, घट झिरपतो. त्याच्या अंगातून हळूहळू पाणी पाझरून भोवतीची माती ओलसर राहते. म्हणून बाहेरून पाणी ओतायचं नाही, रोज सकाळी हाताने नुसता शिपका द्यायचा आणि घटातली पातळी भरायची. पहिल्या वर्षी मी भक्तीच्या भरात रोज तांब्याभर पाणी घातलं. चौथ्या दिवशी मातीवर पांढरी बुरशी आणि घरभर कुबट वास. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी उदबत्त्या दुप्पट लावल्या.

तिसऱ्या दिवशी कोंब दिसतात, पाचव्या-सहाव्या दिवशी बोटभर होतात. घट घराच्या आत, अंधाऱ्या कोपऱ्यात असतो म्हणून पाती हिरवी न होता पिवळसर आणि उंच होतात. उजेड नसला की रोप हरितद्रव्य न बनवता नुसतं लांब वाढत उजेड शोधतं. दसऱ्याला तेच पिवळे तुरे टोपीत, केसांत खोवतात. रब्बीच्या तोंडावर बियाणं उगवतं की नाही हे बघायची ही रीत, असं जुनी माणसं सांगतात.

मनासाठी यात काय आहे? रोज एकाच वेळी, फोन हातात नसताना, तीन मिनिटांचं काम. रोज थोडा फरक दिसतो, आणि तो तुमच्या मेहनतीने कमी, आपोआप जास्त झालेला असतो. ज्यांना सकाळी उठल्या उठल्या छातीत धडधड होते, त्यांनी हे करून बघावं. दहाव्या दिवशी माती तलावात नेऊन टाकू नका, कुंडीत मिसळा.

भोंडला: कुरकुरीला चाल लावा

आता माझा लाडका भाग, आणि इथे मी रेंगाळणार आहे.

सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्त नक्षत्रात जातो आणि पुढचे तेरा-चौदा दिवस तिथे असतो. त्या काळातला गडगडाटी पाऊस तो हस्ताचा, लोकांच्या तोंडी हत्तीचा. पाटावर रांगोळीने किंवा धान्याने हत्ती काढायचा, त्याला फुलं वाहायची आणि भोवती फेर धरून गाणी म्हणायची. कुठे हादगा म्हणतात आणि सोळा दिवस खेळतात. खानदेश-विदर्भात भुलाबाई, ती भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. आपल्याकडे भोंडला नवरात्रात: पहिल्या दिवशी एक गाणं आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, अशी चढती भाजणी.

या गाण्यांचे शब्द नीट ऐका. माहेरी जायची परवानगी मागावी तर सासरकडून एकामागून एक अटी. सासऱ्याची थट्टा, नवऱ्याच्या वेडेपणाची थट्टा, कामाचा ढीग. ज्या मुलीला घरात चकार शब्द काढायची सोय नव्हती, ती अंगणात दहाजणींच्या हातात हात घालून हे सगळं मोठ्याने गायची आणि सासू पायरीवर बसून ऐकायची, वर टाळ्याही वाजवायची. तक्रार होती, पण नाव कोणाचंच नव्हतं. आज समुपदेशक सांगतात की भावना बोलून दाखवा. इथे तर ती चालीवर, घोळक्यात आणि शेवटी खाऊ ठेवून बोलायची सोय होती.

सोसायटीत भोंडला करायचा तर असा करा.

एकच दिवस ठरवा, शक्यतो नवरात्रातला शनिवार, संध्याकाळी साडेपाच. नऊ दिवस जमत नाही, मान्य करून टाका. जागा पार्किंगमधली मोकळी पट्टी किंवा गच्ची. पार्किंग असेल तर सेक्रेटरींना आधी लेखी कळवा. आमच्याकडे एका वर्षी हत्तीच्या पाटावरून एका गृहस्थांनी एसयूव्ही मागे घेतली होती, आणि त्या भांडणावर पुढच्या वर्षी दोन कडवी झाली.

पाट हवाच असं नाही, पण हत्ती हवा. तो मुलांना काढू द्या. सोंड वाकडी आली तर अधिक छान.

जुनी गाणी येणाऱ्या दोघीतिघी शोधा, बहुतेक इमारतींत त्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी असतात. त्यांना आठवडाभर आधी जाऊन विचारा. "आता कुठे आठवतंय" म्हणतील, आणि दुसऱ्या दिवशी वहीत उतरवलेली बारा गाणी हातात ठेवतील. गाणी छापून वाटू नका. एकीने म्हणायचं, बाकीच्यांनी मागून ओढायचं, ही रीत ठेवली की नवख्यांनाही चालतं. पुरुषांना आणि मुलग्यांना फेरात घ्या.

मग नवी कुरकुर. जुनी चार-पाच गाणी झाली की प्रत्येकीने वर्षभरातल्या एका त्रासावर दोन ओळी जोडायच्या. अट जुनीच, नाव घ्यायचं नाही. आमच्या मजल्यावरच्या एका बँकेतल्या ताईंनी पहिल्यांदा, लाजत लाजत, हे रचलं:

आठ बाराची लोकल गेली, कशी मी जाऊ गं
घोडबंदरला ट्रॅफिक तुंबला, घरी कधी येऊ गं
सासू म्हणते भाकरी टाक, साहेब म्हणतो थांब गं
बाईच्या या दिवसाचा हात किती लांब गं

तिसऱ्या ओळीला त्यांच्या सासूबाईच सगळ्यात मोठ्याने हसल्या. दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या कोण टाकायला लागलं ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

एक काळजी घ्या. फेरात कोणी गाताना थांबलं, डोळे भरून आले, तर गाणं बंद पाडून सगळ्यांनी तिच्याभोवती गर्दी करू नका. फेर चालू ठेवा, शेजारणीने हात घट्ट धरावा. नंतर एकीने तिच्या घरी जावं. मस्करीच्या सुरात मोठा मार, मोठं दुःख बाहेर पडू शकतं. घरात मारहाण होत असेल तर ती गाण्याने भागणारी कुरकुर नव्हे. महिलांसाठीचा १८१ हा मदतक्रमांक फेरातल्या प्रत्येकीच्या फोनमध्ये असू द्या.

शेवटी खिरापत. डबा झाकलेला, हलवून आवाज ऐकवायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचं. म्हणून ओळखायला कठीण असं काही आणा: घारगे, काकडीचं धोंडस, खमंग करंज्या. बाजारातला ढोकळा आणलात तर पोरं डब्याकडे न बघता ओळखतात.

दसरा: सोनं आणि अबोला

इथे थोडक्यात. बाजारात आपट्याची म्हणून सर्रास कांचनाची पानं विकतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं. कांचनाचं मोठं आणि मऊ. गठ्ठे घेऊ नका, झाडं ओरबाडली जातात. घरातल्या प्रत्येकाला एक पान पुरतं.

ते एक पान कोणाला द्यायचं याचा विचार मात्र आदल्या रात्री करा. वर्षभर ज्याच्याशी बोलणं तुटलंय असं एक माणूस निवडा, त्यातल्या त्यात सोपं. भावाशी जमिनीवरून चाललेला वाद दसऱ्याच्या संध्याकाळी मिटत नाही. पण जिन्यात मान वळवणारी शेजारीण, लग्नाला बोलावलं नाही म्हणून रुसलेली मावसबहीण, यांच्या दारात पान घेऊन उभं राहता येतं. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" या शब्दांनंतर काही बोलावं लागत नाही, हीच त्याची सोय. आणि ज्याने खरोखर इजा केली आहे, त्याच्याकडे जायची सक्ती तुमच्यावर कोणीही करू शकत नाही. सीमोल्लंघन आपण होऊन करायचं असतं.

कातरवेळ

सप्टेंबरच्या मध्यात ठाण्यात सूर्य पावणेसातच्या सुमाराला मावळतो, नोव्हेंबरच्या मध्यात सहालाच. दोन महिन्यांत संध्याकाळ पाऊणएक तास आत सरकते. घरून काम करणाऱ्यांना आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हे सगळ्यात जास्त जाणवतं. खिडकीबाहेर काळोख आणि आत दिवा लावायचंही सुचत नाही.

जुन्या घरात यावर दिवेलागण होती. तुम्ही ती घड्याळाने करा: सहा वाजता हातातलं काम ठेवा, घरातले दिवे लावा, हवी तर समई, आणि वीस मिनिटं बाहेर पडा. तलावपाळीला एक फेरी, कचराळी किंवा उपवनच्या काठाने चक्कर, काहीच नाही तर इमारतीभोवती. कोपिनेश्वराच्या आवारात बसून नुसत्या येणाऱ्या-जाणाऱ्या चपला बघणंसुद्धा चालतं. सकाळी जमत असेल तर आणखी बरं, कोवळं ऊन अंगावर घेतलं की रात्रीची झोप वेळेवर येते. रविवारी सकाळी मुलांना घेऊन ओवळ्याच्या फुलपाखरू उद्यानात जा, पावसानंतरचे हे दिवस फुलपाखरांचे.

आई-वडील दुसऱ्या गावी एकटे असतील तर तुमचा रोजचा फोन रात्री नऊऐवजी संध्याकाळी साडेसहाला करून बघा. फोन तोच, पण त्या वेळी तो जास्त लागतो.

एवढं करूनही दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टींत मन लागत नसेल, तर घट आणि भोंडला पुरे नाहीत, डॉक्टर हवा. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीतून बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका, आत्ता फोन करा, घरातल्या एकाला जवळ बसवा.

ठाणेकरांना तर दूर जायलाही नको. 'याला ठाण्याला पाठवा' ही अख्ख्या महाराष्ट्राची थट्टा आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते मनोरुग्णालय १९०१ सालचं, तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे आणि साधी साधी माणसं केसपेपर काढून औषधं घेऊन कामावर जातात. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आय. पी. एच. ही मानसिक आरोग्याचं काम करणारी संस्थाही ठाण्यातलीच. ज्या थट्टेने गावोगावची माणसं उपचारांना लाजली, तिच्या गावात राहून आपण तरी लाजू नये.

कोजागिरी: पातेलं, चंद्र आणि गप्पा

आश्विन पौर्णिमा. मध्यरात्री लक्ष्मी फिरते आणि विचारते, 'को जागर्ति', कोण जागं आहे? जो जागा त्याच्या घरी ती येते. कोकणात हीच नवान्न पौर्णिमा: भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, झेंडू असं 'नवं' दाराला बांधतात आणि नव्या तांदळाची खीर करतात. येऊरच्या पाड्यांवरच्या वारली घरांतही नवा भात देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत आणि तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याचा हंगाम याच दिवसांत सुरू होतो. घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळायची, आश्विनीची रीतही याच रात्रीची. चाळिशीच्या थोरल्यालाही ओवाळा, तो वरकरणी "काय हे" म्हणेल.

दूध दहा माणसांसाठी: दोन लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर पाऊण होईपर्यंत आटवा, कडेची साय मोडून आत ढकलत राहा. तीस बदाम आणि तितकेच पिस्ते भरड कुटून घ्या, पूड नको. दोन चमचे चारोळी, दहा-बारा वेलच्या, पाव जायफळ, केशराच्या वीसेक काड्या कोमट दुधात खललेल्या. साखर वाटीभर, तीही दूध आटल्यावर. आधी घातलीत तर अंदाज चुकतो. जायफळ जास्त पडलं तर लक्ष्मी यायच्या आत सगळे पेंगतात.

सगळ्यात महत्त्वाचं, पातेलं. एका वर्षी आम्ही गच्चीवर बावीस लिटर दूध करायला घेतलं. पातेलं आणलं होतं भाड्याने, वरवर धुतलेलं, आणि त्यात आदल्या कार्यक्रमातला ताकाचा अंश राहिला होता. पावणेदहाला दूध फुटलं. साठ माणसं, चंद्र डोक्यावर आणि खाली बावीस लिटर केशरी पनीर. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी त्यात साखर घालून परतायला लावलं आणि त्याचा कलाकंदासारखा काहीतरी प्रकार झाला. आजही लोक त्याच कोजागिरीची आठवण काढतात. तरीही पातेलं गरम पाण्याने स्वतः धुवा.

दुधात चंद्र बघायचा तो घटकाभर. उघडं पातेलं तासन्‌तास गच्चीवर ठेवलंत तर किडे पडतात आणि दूध नासतं. दोन तासांच्या आत संपवा. या रात्रीच्या दुधाने किंवा खिरीने दमा जातो असं कोणी सांगितलं तर दूध प्या, पण पंप खिशातच ठेवा.

येऊरला मध्यरात्री जाऊन चांदणं बघायचा बेत तरुण मंडळी करतात. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबट्यांचं घर. त्यांना त्यांची कोजागिरी करू द्या. गच्ची पुरेशी आहे, फक्त तिथला तो पांढरा फ्लडलाइट तासभर बंद करायला लावा. अर्धा शरद त्याच्यामुळे दिसत नाही. दहानंतर स्पीकर बंद, मग गाण्याच्या भेंड्या, पत्ते, नाहीतर नुसत्या गप्पा. अंधारात, चेहरे नीट दिसत नसताना, माणसं निराळं बोलतात. घरात "ठीक आहे" याच्या पुढे न जाणारा मुलगा गच्चीच्या कठड्याला टेकून नोकरी सोडायचं मनात आहे असं सांगून टाकतो. त्या वेळी सल्ला देऊ नका, त्याचा पेला भरा.

रात्री एकच्या सुमाराला पातेलं खाली न्यायला दोन माणसं लागतात. ती आधीच नेमून ठेवा, नाहीतर ते काम दर वर्षी एकीवरच येतं. बुडाला लागलेल्या खरवडीवर हक्क मात्र नेणाऱ्यांचा.